क्रूझवर एकटीचं टेबल

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली क्रूझच्या जाहिराती खूप येतात, आणि मधेमधे लेखही असतात, सगळ्यांत फोटो एकच, नवराबायको डेकवर उभे आणि मागे मावळता सूर्य. मी ६३ वर्षांची आहे, लग्न केलेलं नाही, एस.टी.त अकाउंट्सला होते, रिटायर झाले आणि गेल्या वर्षी एकटीने सिंगापूरहून क्रूझ केली, चार रात्री, सिंगापूर पिनांग फुकेत आणि परत. समुद्र फार सुंदर होता, केबिन छान होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मला लिहायचंय ते जेवणाबद्दल. म्हणजे पदार्थांबद्दल नाही हां, जेवायला बसण्याबद्दल. एकटं माणूस बोटीवर जेवायला कुठे आणि कोणाबरोबर बसतं हे कुठल्याच लेखात नसतं, आणि मला बुकिंग करताना कोणी सांगितलंही नाही.

आधी पैशांचं सांगते, मग जेवणाकडे येते. जाहिरातीत जो आकडा असतो तो ट्विन शेअरिंगचा, माणशी. केबिन दोघांची धरलेली असते त्यामुळे एकटं माणूस गेलं की बहुतेक वेळा दोघांचं भाडं एकट्याने भरायचं, फक्त पोर्ट टॅक्स आणि टिप्स माणशी असल्यामुळे त्या एकाच्याच लागतात. हे मला एजंटने सांगितलं, मी कबूल केलं आणि भरले. पण दुप्पट भाडं भरून आलेल्या माणसाला निदान एक प्रश्न विचारायला हवा होता, की जेवायला एकटं बसायला आवडेल का चारचौघांत. तो ना एजंटने विचारला ना बोटीच्या फॉर्मवर मला कुठे दिसला.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या बोटीवर एक मेन डायनिंग रूम असते, त्याचे पैसे भाड्यातच असतात. तिथे दोन पद्धती. एक म्हणजे ठरलेली वेळ, पहिली बैठक साधारण सहाच्या सुमाराला आणि दुसरी आठ सव्वाआठला, त्यात टेबल ठरलेलं, वेटर ठरलेला आणि रोज शेजारीही तेच. दुसरी म्हणजे हवं तेव्हा जा आणि मिळेल त्या टेबलावर बसा. शिवाय वरच्या डेकवर बुफे असतो आणि जादा पैसे देऊन जायची वेगळी हॉटेलंही असतात. माझ्या एजंटने हवं तेव्हा जा वाली पद्धत घेतली, त्याला वाटलं असेल मोकळीक राहील. पण एकट्या माणसाला ती मोकळीक उलटी पडते, कारण रोज नवीन वेटर, नवीन टेबल, आणि दारातल्या मुलीचा रोज तोच प्रश्न, फक्त एक?

पहिल्या रात्री मला दोघांच्या टेबलावर बसवलं, खांबाच्या मागे, किचनच्या दारापासून चार पावलांवर. वेटर आला, हसला आणि समोरची मांडणी उचलायला लागला. आधी नॅपकिन, मग दोन काटे, सुरी, चमचा, मग पाण्याचा ग्लास आणि वाईनचा ग्लास दोन बोटांत धरून एकावर एक आपटू नयेत असे जपून, मग ब्रेडची छोटी बशी. त्याचं काही चुकलं नाही, तो त्याचं काम करत होता. पण ते सगळं उचलायला त्याला मिनिटभर लागलं असेल, आणि तेवढा वेळ आजूबाजूची टेबलं बघत होती, आणि ते झाल्यावर समोर पांढऱ्या टेबलक्लॉथवर बशीचा गोल वळ राहिला होता. मी नोकरीत ऑडिटसाठी डेपोडेपोने फिरले, चिपळूण, सांगोला, परळी, कुठे कुठे एकटीने जेवले त्याचा हिशोब नाही. पण समोरची जागा अशी रिकामी करताना कधी बघितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुफेला गेले. तिथली अडचण वेगळीच. प्लेट भरून आणली, टेबलावर ठेवली, चहा आणायला गेले. परत आले तर प्लेट नाही, टेबल पुसलेलं आणि एक कुटुंब बसलेलं. तिथली वेटर मुलं इतकी चटपटीत असतात की कोणी बसलेलं दिसलं नाही की उचलतात, त्यांना वाटतं झालं यांचं. दोघं असतील तर एक जण जागा धरतो, एकटीने काय करायचं? मग मी चष्म्याची केस प्लेटवर आणि स्टोल खुर्चीला अडकवून जायला लागले, तरी एकदा अंड्याची प्लेट गेलीच. एका ऑस्ट्रेलियन बाईने मला तिची युक्ती सांगितली, ती आधी चहा आणि पाणी आणून ठेवते, मग प्लेट भरायला जाते आणि येऊन जी बसते ती खाऊन होईपर्यंत उठत नाही. साधी गोष्ट, पण ती जहाजावरच्या माहितीत कोणी छापेल का? मी म्हणते का छापू नये, एका ओळीचं काम आहे, टेबलावर ठेवायला एक कार्ड द्यायचं, मी परत येतेय म्हणून.

बोटीवर आपल्याकडचा एक मोठा ग्रुप होता, चाळीसेक माणसं, टूर मॅनेजर बरोबर. मराठी ऐकून मी आपण होऊन बोलायला गेले. माणसं फार चांगली होती, हे आधी सांगते, त्यांची माया खरी होती. पण पहिलाच प्रश्न, एकट्याच? मिस्टर नाही आले? मग लग्न नाही केलं म्हटल्यावर दोन मिनिटं शांतता, मग अगं बाई, मग चला आमच्यात बसा, एकट्या कशाला जेवता. दुपारी त्यांच्यात बसले. ठेपले निघाले, लोणचं निघालं, मला आग्रह झाला, सगळं झालं, पण तासभर माझ्या एकटेपणावरच बोलणं चाललं होतं, भाऊ कुठे असतात, म्हातारपणी कोण बघणार, भीती नाही का वाटत. एका ताईंनी तर डोळ्यांत पाणी आणलं. मला त्या दिवशी खिडकीशी बसून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणारी मालवाहू जहाजं बघायची होती, एकामागे एक लागलेली असतात, जगातला केवढा तरी माल त्या चिंचोळ्या पाण्यातून जातो, आणि मी चाळीस माणसांच्या मधे बसून माझं कसं चाललंय ते समजावत होते.

म्हणजे बघा, बोटवाल्यांनी मला खांबामागे बसवलं ते न विचारता, आणि आपल्या माणसांनी मधे बसवलं तेही न विचारता. दोघांनीही धरून चाललं की एकटी बाई म्हणजे काहीतरी कमी आहे, एकाला ते झाकायचं होतं आणि एकाला भरून काढायचं होतं.

हे आपल्याकडे नवीन नाही. तालुक्याच्या गावी हॉटेलात शिरलं की मालक बघायचा आणि गल्ल्यावरूनच म्हणायचा, ताई, फॅमिली रूममध्ये बसा. पडदा लावलेली, पंखा नसलेली जागा. मी एकटी म्हणजे फॅमिली कशी, पण बाई म्हणून तिकडे. याउलट मुंबईत इराण्याकडे आणि खानावळीत कधी त्रास झाला नाही, कारण तिथे चौघांच्या टेबलावर चार अनोळखी माणसं बसतात, कोणी कोणाला विचारत नाही, मीठ सरकवतात, जेवतात आणि जातात. टेबल शेअर करणं आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नाही, ते आपल्या रोजच्या जेवणातलं आहे.

आणि बोटीवर मिळून जेवणं तर शिकवायला नकोच. लहानपणी मी आईबरोबर भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला बोटीने जायचे, कोकण सेवक, कोकण शक्ती अशा बोटी होत्या, पावसाळ्यात बंद. डेकवर वळकट्या पसरायच्या, शेजारी कोण येईल ते येईल. रात्री डबे उघडले की आईची चपाती भाजी, शेजारच्या बाईची सुक्या जवळ्याची चटणी, कोणाचा तरी दहीभात, सगळं मधे ठेवलं जायचं. एखादा माणूस पाठ करून एकटा जेवत असेल तर त्याला तसं जेवू द्यायचे, एवढंच की एक लाडू त्याच्याकडे जायचा. कित्येक बंदरांत बोट धक्क्याला लागायची नाही, पडावात म्हणजे छोट्या होडीत उतरायचं, आणि तेव्हा त्याच अनोळखी बायका मला उचलून खाली द्यायच्या. त्या डेकवर एकटी आलेली बाई मला वेगळी दिसल्याचं आठवत नाही.

तिसऱ्या रात्री मी केबिनमध्येच जेवण मागवणार होते. मग म्हटलं नाही, एकदा बोलून तरी बघू. दारातल्या मुलीला सांगितलं की मला तुमच्या मुख्य माणसाशी बोलायचंय. हेडवेटर आला, पन्नाशीचा, माझं नाव कार्डावर वाचलं आणि हळूच विचारलं, मराठी? तो मडगावकडचा निघाला. म्हणाला, म्हजो शापाय लेगीत तारवार आसलो, म्हणजे त्याचे आजोबाही जहाजावर होते, पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या. गोव्याची माणसं दीडेकशे वर्षं जगभरच्या बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून जातायत, त्यांना तिकडे तारवोटी म्हणतात, आणि बोट मिळेपर्यंत ती मुंबईत धोबीतलावला आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या क्लबात राहायची, एका हॉलमध्ये भिंतीला ओळीने ट्रंका लावून. घर सोडून अनोळखी माणसांत जेवणं काय असतं हे त्याला मी सांगायची गरजच पडली नाही. त्याने फक्त विचारलं, तुम्हाला एकटं बसायचंय की शेअर टेबल? एकटं असेल तर खिडकी देतो, शेअर असेल तर आठ जणांचं देतो.

तीन दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कानावर पडला. मी म्हटलं आज शेअर, उद्या खिडकी. त्याने तसं लिहून घेतलं.

आठ जणांच्या टेबलावर ती बुफेवाली ऑस्ट्रेलियन बाई होती, रिटायर्ड नर्स, एक मलेशियातल्या इपोहचे तमिळ आजोबा होते, फिलिपिनो मायलेकी, आणि एक जर्मन गृहस्थ जे फारसं बोलले नाहीत पण ब्रेडची टोपली सारखी फिरवत होते. कोणीही कोणाला तू एकटी का असं विचारलं नाही, कारण निम्मं टेबल एकटंच होतं. आजोबांनी मेनूतली इंडियन व्हेज डिश माझ्यासाठी आधी स्वतः मागवून चाखली आणि म्हणाले, यापेक्षा मासा घ्या. सव्वाआठला बसलो ते वेटरने मेणबत्त्या विझवल्या तेव्हा उठलो. आणि चौथ्या रात्री खिडकीपाशी एकटी बसले, त्या हेडवेटरने समोरची मांडणी मी यायच्या आधीच काढून ठेवायला लावली होती, एकाच माणसाचं टेबल मांडलेलं, माझी खुर्ची समुद्राकडे तोंड करून. दोन्ही रात्री सारख्याच चांगल्या गेल्या. लोकांना वाटतं एकट्या माणसाला एकतर सोबत हवी असते किंवा एकांत हवा असतो. अहो, एकाच माणसाला आज हे आणि उद्या ते हवं असतं, घरी नाही का असं होत?

बोटवाल्यांना हे जमत नाही असं नाही. नॉर्वेजियन एपिक ही बोट २०१० साली आली तेव्हा तिच्यात १२८ केबिन खास एकट्या माणसासाठी बांधल्या होत्या, जेमतेम १०० चौरस फुटांच्या, आणि त्या सगळ्यांना मिळून बसायला एक वेगळा हॉल. क्वीन मेरी २ ला २०१६ साली १५ सिंगल केबिन वाढवल्या. बऱ्याच बोटींवर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत एकट्या प्रवाशांच्या भेटीची वेळ आणि जागा छापलेली असते, तिथे पहिल्याच दिवशी गेलं की जेवायचे गट तिथेच ठरतात. माझ्याही बोटीवर होती, मला तिसऱ्या दिवशी कळलं.

आता आपल्याकडे केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातूनच क्रूझ भारत मिशन सुरू केलंय, २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे म्हणतात. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपला बोटी जातायत. त्या दुपटीत माझ्यासारख्या किती असतील याचा कोणी विचार केलाय का, रिटायर झालेल्या, पेन्शन हातात असलेल्या, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, किंवा नवऱ्याला बोट लागते म्हणून एकट्या निघालेल्या. माझ्या ओळखीत सहा जणी आहेत ज्या पैसे असून जात नाहीत, आणि विचारलं की म्हणतात, अगं पण जेवायला कोणाबरोबर बसणार. पोहता येत नाही, बोट लागते, यातलं काही नाही, जेवायला कोणाबरोबर बसणार.

तर टूरवाल्यांना आणि एजंट लोकांना माझी कळकळीची विनंती आहे की बुकिंगच्या फॉर्मवर जिथे व्हेज नॉनव्हेज जैन विचारता तिथेच शेजारी हेही विचारा, की जेवायला एकटं बसायला आवडेल का चारचौघांत. आणि ज्या बायका जाणार आहेत त्यांना सांगते, एकट्या असाल तर ठरलेल्या वेळेची बैठक घ्या, दुसरी मिळाली तर उत्तम, आपल्याला सहाला कुठली भूक. बोटीवर चढल्या चढल्या दुपारीच डायनिंग रूममध्ये जा, टेबल बदलून देणारी माणसं तेव्हा तिथे बसलेली असतात. मोठ्या टेबलाचं नाव घ्या, सहाचं किंवा आठचं, चौघांच्या टेबलावर बरोबरचं जोडपं पहिल्या रात्रीनंतर आलंच नाही तर परत एकट्या पडाल. आणि आपल्या ग्रुपमधल्या लोकांनी बोलावलं तर जरूर जा, पण पहिल्याच दिवशी हसत सांगा की मी उद्या खिडकीशी बसणार आहे.

मी येत्या फेब्रुवारीत मुंबईहून लक्षद्वीपला जायचं ठरवलंय. कालच मेल टाकला, प्रवासी एक, दुसरी बैठक, आठ जणांचं टेबल, शेवटच्या रात्री खिडकी. अजून उत्तर आलेलं नाही, आलं की आपल्याला कळवते.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)