आधी अंदाज सांग

सातारा,
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, हे सगळं आता एआय करून देतं, मग आम्ही शिकायचं कशासाठी?" मी तोंड उघडेपर्यंत तुझ्या मेसची वेळ झाली. बरंच झालं, नाहीतर मी भाषण ठोकलं असतं आणि तू "हं, हं" करत दुसरीकडे रील बघत बसली असतीस. म्हणून हे पत्र. याचा फोटो काढून सारांश मागवू नकोस, सावकाश वाच.

तुझी आत्या म्हणते तसं "मोबाइलने पोरं वाया गेली" असं मी म्हणणार नाही. तुझं सगळं शिक्षण माझ्या डोळ्यांसमोर झालंय. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं तेव्हा तू सहावीत होतीस. घरात फुकटचा डेटा आला आणि आजीसुद्धा कीर्तनं बघायला लागली. मग 2020 चा लॉकडाऊन, आणि तुझी जवळजवळ अख्खी दहावी गच्चीवर, रेंज मिळते म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत. परीक्षा झालीच नाही. राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला, आणि निकाल बघायची वेबसाइट तेवढी त्या दिवशी नापास झाली. त्या वर्षाने तुझं नुकसान केलं हे खरं आहे. बीजगणितात अडलीस की शेजारी बसून "हे इथे चुकलं बघ" म्हणणारं कोणी नव्हतं. पण त्याच वर्षी तू हिंदी व्हिडिओ बघून घराची थ्रीडी मॉडेलं करायला शिकलीस. आजीच्या कौलारू घराचे वासे मोजायला तिलाच माळ्यावर टॉर्च धरून उभं केलं होतंस, आठवतं? मला ते सॉफ्टवेअर उघडतासुद्धा आलं नसतं. सिव्हिलला जायचं तुझ्या डोक्यात तिथून आलं असं मला वाटतं, बारावीच्या मार्कांवरून नाही.

आणि ज्या घरांत "मुलीला फोन कशाला" म्हणतात, तिथे काळजी कमी आणि पहारा जास्त असतो. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा 2023 चा अहवाल आहे, ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींचा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त 19.8 टक्क्यांकडे. आत्याला हे आकडे सांगितले तर म्हणाली, "म्हणूनच मुलींचे निकाल चांगले लागतात." तिच्यापुढे मी हात टेकले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं तू ऐकलं असशील. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. त्यातलं मला पटलेलं एवढंच की टीव्हीही बंद असतो, म्हणजे मोठ्यांचीही सुटका नाही. आपल्याकडे भोंगा वाजला तर सर्वांत आधी तक्रार घेऊन आजी जाईल.

पण तुझा प्रश्न किती वेळ फोन बघावा हा नव्हताच. शिकायचं कशासाठी, असा होता. त्याचं उत्तर मला माझ्या कामातूनच देता येईल, दुसरं मला काय येतं?

मी जमीन मोजणीच्या खात्यात लागलो तेव्हा मोजणी म्हणजे प्लेन टेबल. तिपाईवर लाकडी फळी, फळीवर कागद. पाणसळ ठेवून फळी सपाट करायची, होकायंत्राने दिशा लावायची आणि पट्टीतून लांबच्या खुणेवर नेम धरून शेतातच पेन्सिलीने रेघ मारायची. नकाशा बांधावरच तयार व्हायचा. आपण कागदावर नेमके कुठे उभे आहोत हे काढायला तीन ओळखीच्या खुणा धरायच्या. देवळाचा कळस, विहिरीचा कठडा, जुना हद्दीचा दगड, जे दिसेल ते. तिन्हींवरून मागे रेघा ओढल्या की त्या एका टिंबात मिळायला हव्यात. पहिल्या खेपेला मिळत नाहीत. मध्ये बारकासा त्रिकोण उरतो. मग फळी किंचित फिरवायची, पुन्हा नेम, पुन्हा रेघा, तो त्रिकोण मिटेपर्यंत. 1:1000 च्या नकाशात अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर, आणि अर्ध्या मीटरवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. त्यामुळे पेन्सिलीला टोक काढणं हेसुद्धा कामच होतं, आणि ते शिपायावर सोपवलेलं आमच्या साहेबांना चालायचं नाही.

आता रोव्हर आहे, काठीवर बसवलेलं, उपग्रहाचे सिग्नल घेऊन जागा सांगणारं यंत्र. काठी रोवायची. उपग्रहांचे सिग्नल सतत टिपणारी, 'कॉर्स' म्हणतात ती स्थिर केंद्रं आहेत, राज्यात 77, ती इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवत राहतात आणि थोड्या वेळात दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा स्क्रीनवर येते. मला हे यंत्र मनापासून आवडतं. ज्याने पावसाळी चिखलात मोजणीची साखळी ओढली आहे त्याला प्लेन टेबलाचे गोडवे गाता येत नाहीत. जी मोजणी आम्हाला दोन दिवस पुरायची ती आता जेवायच्या आत उरकते, आणि शेतकऱ्याचा खोळंबा वाचतो.

फक्त एक होतं. स्क्रीनवर 'फिक्स', म्हणजे जागा पक्की, असं आलं की नवी पोरं बटण दाबून मोकळी होतात. चिंचेखाली किंवा पत्र्याच्या शेडशेजारी उपग्रहाचा सिग्नल आपटून, फिरून येतो, आणि यंत्र 'फिक्स' म्हणत म्हणत चुकीची जागा सांगू शकतं. मध्यंतरी एका गटाचा नकाशा माझ्याकडे तपासायला आला. एक बाजू विहिरीच्या अलीकडून गेलेली, म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या रानात. आणि सातबाऱ्यावर विहीर अर्जदाराची. मी त्या मुलाला विचारलं, "अरे, बांध विहिरीच्या कुठल्या अंगाला होता?" त्याला आठवेना. तो तिथे तासभर उभा होता, चहासुद्धा त्या विहिरीवरच प्यायला होता.

मुलगा हुशार आहे, त्याच्या वयाच्या माझ्यापेक्षा कितीतरी. पण बांधाकडे बघत बसायची त्याच्यावर कधी वेळच आली नाही. आमच्यावर आली, कारण तो त्रिकोण मिटायचा नाही. मिटत नाही म्हणून आजूबाजूला बघायचं. ओढा कुठून वळतो, बाभळी कुठल्या रांगेत आहेत, म्हातारा कुठे बोट दाखवतोय आणि त्याची सून कुठे बघतेय. शिवार डोक्यात शिरायचं ते अशा अडलेल्या वेळात. यंत्राने तो अडलेला वेळ काढून टाकला. तुमच्या पिढीचं वेगळेपण मला इथे दिसतं. तुमच्या प्रश्नाला उत्तर इतक्या लवकर येतं की प्रश्नापाशी उभं राहायला सवडच मिळत नाही.

आता तू पाठवलेल्या त्या ट्रॅव्हर्सच्या, म्हणजे एका खुणेवरून दुसरीवर जात केलेल्या मोजणीच्या, कोष्टकाकडे येतो. एआयने करून दिलेलं, रकाने सुबक, सेकंदापर्यंत कोन, शेवटी बाउडिचची दुरुस्तीही लावलेली. मी पाच कोनांची बेरीज केली. पाच बाजूंच्या बंद आकृतीत आतल्या कोनांची बेरीज 540 अंश यायला हवी, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. ती 538 च्या आसपास येत होती. तू म्हणालीस, "हो का? पण बाकी सगळं बरोबर आहे ना?" मनू, मी हसलो, पण मग बराच वेळ त्या वाक्याचाच विचार करत होतो.

बाउडिचची रीत कशासाठी आहे? वाऱ्याने, उन्हाने, हाताच्या थरथरीने जी बारीकसारीक तफावत येते, ती बाजूंच्या लांबीप्रमाणे सगळ्यांना वाटून देण्यासाठी. ढोबळ चूक त्यात घातली तर तीही सगळ्यांना वाटली जाते. मग प्रत्येक बाजूला थोडी थोडी येते, आकृती छान बंद होते, आणि चूक कुठे होती ते पुन्हा कोणालाच सापडत नाही. म्हणून आधी बेरीज, ती हिशेबात बसली तर दुरुस्ती. एआयने पायऱ्या सगळ्या केल्या, पण दोन अंशांपाशी ते थबकलं नाही. थबकणं तुझं काम होतं.

तर शिकायचं ते यासाठी. उत्तर समोर आलं की "हे काहीतरी वेगळंच येतंय" असं आतून वाटायला हवं. ते वाटणं डाउनलोड होत नाही. आणि तुझ्या नोकरीत तुला पगार त्याचाच मिळणार आहे, कारण कोष्टक भरायला माणूस लागणार नाही.

हे वाटणं येतं कुठून? माझ्या पाहण्यात एकाच सवयीतून. बटण दाबायच्या आधी अंदाज बांधायचा, आणि तो लिहून ठेवायचा. तुझ्या आजोबांना शाळा चौथीपर्यंतची. पण कुठल्याही वावराच्या कडेने एक फेरी मारून ते गुंठे सांगायचे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर, आणि आपल्या पावलांत 33 फूट किती बसतात एवढंच त्यांचं भांडवल. मी साखळीने मोजून यायचो तोवर ते बांधावर बसून वाट बघायचे, आणि आकडा ऐकून एकतर मान हलवायचे किंवा म्हणायचे, "वरच्या अंगाला परत जाऊन ये." त्यांचा अंदाज चुकायचाही. पण चुकला की ते चिडून पुन्हा फेरी मारायचे आणि कुठे फसलो ते शोधून काढायचे. अंदाजच केला नसता तर फसले कुठे हे कळलंच नसतं.

बारावीला तू लॉग टेबलावरून माझ्याशी भांडली होतीस. "2023 साल आहे, खिशात फोन आहे आणि बोर्ड कॅल्क्युलेटर चालू देत नाही!" मी तेव्हा तुझ्याच बाजूचा होतो आणि आजही बराचसा आहे, गुणाकार करायला कोणी आयुष्यभर लॉग टेबल उघडत नाही. पण त्यातली एक गोष्ट चांगली होती. टेबल फक्त अपूर्णांकाचा भाग सांगतं. उत्तर शेकड्यात आहे, हजारात आहे की दशांशचिन्हाच्या पलीकडे, ते तुझं तुलाच ठरवावं लागायचं. कॅल्क्युलेटर हे दोन्ही एकदम देऊन टाकतो, आणि मग स्लॅबला लागणारं सिमेंट शंभर पोत्यांऐवजी हजार पोती निघालं तरी मूल खाली दोन रेघा मारून पुढच्या गणिताला लागतं.

एआय वापरू नकोस असं मी म्हणत नाही. मी म्हटलं तरी तू वापरणार, आणि वापरावंसच, नाहीतर माझ्यासारखी ऑफिसात मागे पडशील. पण वहीच्या समासात आधी तुझा आकडा असू दे, पेनाने, म्हणजे खोडता येणार नाही. थिअरीचा प्रश्न असेल तर तुला काय वाटतं त्याच्या दोन ओळी. मग विचार त्याला. दोन्ही जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर दोघांपैकी कोण चुकलं ते शोधायला बस, फोन बाजूला ठेवून. सुरुवातीला बहुतेक वेळा तूच चुकशील. हरकत नाही.

अजून एक, अगदी किरकोळ. फोनमधला नकाशा तू चालशील तसा फिरता ठेवतेस, मी पाहिलंय. त्यात आपण कायम वरच्याच दिशेने चालतो आणि सगळं जग आपल्याभोवती फिरतं. उत्तर दिशा वर, असा स्थिर ठेव. साताऱ्यात तुला दिशा विचाराव्या लागत नव्हत्या, दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, मान वळवली की झालं. पुण्यात इतके दिवस राहून होस्टेलच्या खिडकीतून सिंहगड कुठल्या बाजूला हे तुला सांगता येत नाही, आणि तू म्हणे इमारती उभ्या करणार! दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर येतं हे न बघता खिडक्या काढणारे इंजिनिअर आपल्या गल्लीत आधीच एक आहेत.

गावठाणाच्या ड्रोन मोजणीचं तू मागे विचारलं होतंस, स्वामित्व योजनेतलं. ड्रोन उडायच्या आधी गावात घराघरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. वरून ड्रोनला त्या रेघा दिसतात, भांडण दिसत नाही. ते खाली उभं राहून मिटवावं लागतं. तुझ्या प्रोजेक्टला हा विषय घेणार असशील तर एका गावात चुना मारायच्या दिवशी जाऊन उभी राहा. उडवायच्या दिवशी नाही गेलीस तरी चालेल. तो भाग यूट्यूबवर आहे.

मे महिन्यात येशील तेव्हा आमच्या निवृत्त साहेबांकडून त्यांचं प्लेन टेबल मागून आणतो, ते द्यायला तयार आहेत. आपल्याच वावरात लावू. तुझे अंदाज मी आधी लिहून घेणार, आणि आजीपुढे वाचून दाखवणार. येताना लॅपटॉप विसरू नकोस. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर कसा बसवायचा ते मला तुझ्याकडून शिकायचंय. ऑफिसातली पोरं दाखवतात, पण इतक्या झपाट्याने की त्यांची बोटंच दिसत नाहीत. तू सावकाश दाखव, आणि मी चुकलो तर लगेच माऊस हातातून काढून घेऊ नकोस.

आईने शेंगदाण्याची चटणी पाठवलीय, डबा परत आण म्हणून तीनदा बजावलंय. मेसचे पैसे सोमवारी टाकतो.

तुझा,
बाबा