भांगेचा उतारा देण्याआधी शुगर तपासा

संपादक महोदय,

महाशिवरात्र जवळ आली की आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, भांग घेणाऱ्याला डायबेटिस होत नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय, शंकराचा प्रसाद आहे, दूध बदाम बडीशेप सगळं पौष्टिकच. गेल्या वर्षी मी तो वाचून सोडून दिला होता. यंदा सोडवत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

मागच्या धुळवडीला माझ्या मोठ्या भावाच्या बिल्डिंगमध्ये खाली थंडाई केलेली. दादा ६१ वर्षांचा, शुगर बारा वर्षांपासून, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी असते. त्या दिवशी गोळी घेतली, नाश्ता राहिला आणि तो रंग खेळायला खाली उतरला. शेजाऱ्यांनी कौतुकाने त्याच्यासाठी बिनसाखरेची थंडाई वेगळ्या भांड्यात ठेवली होती. एक ग्लास प्यायला, काहीच वाटलं नाही म्हणून दुसरा प्यायला, आणि भांगेचं असंच असतं, पोटातून चढायला अर्धा तास ते दोन तास लागतात आणि मग सहा-आठ तास उतरत नाही. घरी येऊन रंगासकट सोफ्यावर आडवा झाला. दुपारी जेवायला उठलाच नाही, वहिनी म्हणाली चढलीय, झोपू दे.

चारच्या सुमारास मी पोचले तर तो काहीतरी पुटपुटत होता, बनियन पिळून काढावा इतका ओला, आणि घामाबरोबर गुलाबी रंग उशीच्या अभ्र्यावर उतरलेला. सगळे उताऱ्याच्या मागे. लिंबू पिळून झालेलं, मी त्यात साखर घालायला डबा काढला तर मागून आवाज आला, अगं साखर नको, त्याला डायबेटिस आहे ना! माझाही हात थांबला क्षणभर, खरं सांगते. मग पुतणीने ड्रॉवरमधून मशीन आणलं, स्ट्रिप लावली. ४४, म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली.

गिळता येण्याइतका शुद्धीवर होता म्हणून साखरेचं पाणी चमच्याने देता आलं, पूर्ण बेशुद्ध असता तर तोंडात काही ओतायचंच नाही, श्वासनलिकेत जातं. पंधरा मिनिटांनी ७१. तरी हॉस्पिटलला नेलं कारण ग्लिमेपिराइड पोट रिकामं असलं तरी दिवसभर शुगर उतरवत राहते, ती परत खाली येऊ शकते. तिथे डॉक्टरांनी विचारलं काय घेतलं होतं, आणि आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. वहिनी हळूच म्हणाली, थंडाई. साधी की भांगेची, असं त्यांनीच विचारलं म्हणून बरं.

मला सांगायचंय ते एवढंच आहे की डायबेटिसवाल्याची भांग चढलेली आणि शुगर लो झालेली, दोन्ही बाहेरून एकसारखंच दिसतं. धडधड, बरळणं, तोल जाणं, गुंगी. घाम आणि धडधड ही शरीराची धोक्याची घंटा, पण नशेत ज्याची त्यालाच ती कळत नाही आणि घरचे म्हणतात झोपू दे. याच्या उलटही होतं, गांजा-भांगेने भूक खवळते, मग पुरणपोळी, गुलाबजाम, हिशोबच राहत नाही, आणि इन्सुलिन घेतलं की नाही हेही आठवत नाही.

आता त्या मेसेजबद्दल. अमेरिकेतला अभ्यास खरा आहे, २०१३ मध्ये आला, ४,६५७ लोकांच्या सर्व्हेत गांजा (भांग त्याच झाडाची) घेणाऱ्यांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन १६ टक्के कमी निघालं, जे चांगलं लक्षण धरतात. पण तो सर्व्हे आहे, एका वेळचं चित्र, गांजामुळेच कमी झालं असं त्यातून ठरत नाही. २०१५ मध्ये तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात तरुणपणापासून वर्षानुवर्षं ज्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं त्यांच्यात चालू गांजा घेणाऱ्यांना प्रीडायबेटिस, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरची शुगर, जास्त आढळला. हा कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि हल्ली सीबीडीचे, म्हणजे गांजाच्या झाडातल्या नशा न आणणाऱ्या एका घटकाचे, थेंब शुगरसाठी म्हणून विकतात, तर २०१६ मध्ये टाइप २ च्या, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या डायबेटिसच्या, ६२ पेशंटवर रीतसर चाचणी झालीय, त्यात सीबीडीने शुगर कमी झाली नाही. टीएचसीव्ही नावाच्या वेगळ्या घटकाने थोडी झाली, पण तो शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून दिलेला होता, थंडाईच्या पातेल्यातून डावाने नाही. शिवाय सीबीडी लिव्हरमध्ये इतर काही औषधांचं विघटन मंदावतं, म्हणजे आधीच पाच गोळ्या चालू असलेल्याने ते स्वतःच्या मनाने घेऊच नये.

उलट्यांचं तर कोणी बोलतच नाही. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांना उलट्यांचा एक आजार होतो, थांबतच नाहीत, गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. डायबेटिसवाल्याला अशा उलट्या जास्तच धोक्याच्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत टाइप १ च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही अशा, ४५० मोठ्या माणसांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, त्यात गांजा घेणाऱ्यांना कीटोअ‍ॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात अ‍ॅसिड वाढून जिवावर बेतण्याचा धोका जवळपास दुप्पट होता. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच आता टाइप १ वाल्यांना आणि ज्यांना हा धोका आहे त्यांना सांगते की नशेसाठी गांजा कुठल्याच रूपात नको. आणि आपल्याकडे डापाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या स्वस्त झाल्यापासून खूप जण घेतात, त्यांना उलट्या होऊन पोटात काही टिकत नसेल तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मशीनवर १८० बघून घरात निवांत बसलेत आणि आत वेगळंच चालू आहे.

देशात १०.१ कोटी डायबेटिसचे पेशंट आहेत असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२३ मध्ये आलं, आणि वर्षभरात गांजा-भांग घेणारे ३.१ कोटी असं २०१९ च्या सरकारी अहवालात आहे. दोन्ही यादीत असलेली माणसं घरोघरी असणार, दादासारखी, एरवी सुपारीही न खाणारी. दारू पिता का, तंबाखू खाता का हे डॉक्टर विचारतात, भांग कोणी विचारत नाही, आणि कायदा-पोलीस नको म्हणून आपणही सांगत नाही.

तुमच्या पुरवणीत दरवर्षी थंडाईची रेसिपी येते. तिच्या शेजारी एखाद्या डायबेटिसच्या डॉक्टरांकडून छोटी चौकट लिहून घ्याल का, गोळी-इन्सुलिनवाल्यांनी भांग का घेऊ नये, आणि कोणी घेतलीच तर घरच्यांनी काय बघायचं. माझ्यापेक्षा ते नीट सांगतील. महाशिवरात्रीच्या आधी आली तर बरं होईल, त्यानंतर धुळवडीला दोन-अडीच आठवडेच उरतात.

आपली,
एक वाचक, सांगली