बाबांच्या मशीनसाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न.

बाबा, तुमचं मशीन 3018 जातीचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं छोटं सीएनसी आहे. कोरायला जागा 300 बाय 180 मिमी, त्याच्या मोटरी चालवणारा कंट्रोलर जीआरबीएल या प्रणालीचा. याला चालणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत, म्हणून आधी एक गोष्ट सांगते. चित्र काढणं हे एक काम आणि त्या चित्रावरून कटर कुठून, किती खोल फिरेल ते ठरवणं, म्हणजे टूलपाथ, हे दुसरं काम. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरने करावीत असा हट्ट नको. माझ्या मते चित्र इंकस्केपमध्ये काढा, ते फुकट आहे, आणि टूलपाथ व्हीकार्व्ह डेस्कटॉपमध्ये काढा.

इंकस्केप का, तर मराठीसाठी. तुम्हाला मुख्यतः दारावरच्या पाट्या करायच्या आहेत. कोरीव कामाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की अक्षरं फुटतात. ‘आशीर्वाद’ लिहिलं तर रफार वर न जाता र चा पाय मोडलेला दिसतो, ‘शिवकृपा’मधली ऱ्हस्व वेलांटी श च्या मागे जाऊन बसते. इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्ट घेतला की जोडाक्षरं नीट जुळतात. फॉन्टमध्ये ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ घ्या, रेघ जाड असल्याने लाकडात उठून दिसते. ‘तिरो देवनागरी मराठी’ दिसायला देखणा आहे, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, पण त्याच्या बारीक रेघा लहान पाटीवर टिकत नाहीत. अक्षराची उंची 40 मिमीच्या वर असेल तरच तो वापरा.

अक्षरं जुळली म्हणजे काम झालं असं नाही. मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टु पाथ’ करा, मग ‘अनग्रुप’, मग सगळं निवडून ‘युनियन’. ही शेवटची पायरी कधीही गाळू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. युनियन केलं नाही तर सॉफ्टवेअर तो चढलेला तुकडा अक्षराबाहेरचा समजतं आणि तेवढं लाकूड सोडून देतं. मग शिरोरेषेत दर अक्षराला एक पातळ भिंत उभी राहते, ती पटाशीने काढत बसावी लागते. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आणलात तर त्याला फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून, द्यायला सांगा. नाहीतर आपल्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं उमटतील.

आई, तुझ्या कागदावरच्या वेली आणि रांगोळीची नक्षीही याच वाटेने जाईल. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने काढ, फोटो बरोबर वरून घे. इंकस्केपचं ‘ट्रेस बिटमॅप’ त्याच्या रेघा करून देतं. त्यात नको तितके बिंदू येतात आणि मशीन वळणावर अडखळत चालतं, म्हणून नंतर एकदा ‘सिम्प्लिफाय’ करायचं. दोनदा केलं तर वेलीची टोकं बोथट होतात.

फाइल टूलपाथच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली की माप लगेच तपासा. इंकस्केप एका इंचाला 96 एकक धरतं. समोरचं सॉफ्टवेअर 72 धरत असेल तर 100 मिमीची पाटी 133 मिमी होते, 90 धरत असेल तर जवळपास 107. आकृतीशेजारी 100 मिमीचा चौकोन काढून ठेवा, म्हणजे फरक लगेच कळेल.

व्हीकार्व्ह घ्यायचं ते व्ही-बिटच्या, म्हणजे निमुळत्या टोकाच्या कटरच्या, कामासाठी. रेघ जाड तिथे बिट खोल जातो, बारीक तिथे वर येतो, आणि अक्षराचे कोपरे धारदार निघतात. 60 अंशाच्या बिटला 6 मिमी रुंद रेघेसाठी 5.2 मिमी खोल जावं लागतं, 90 अंशाच्या बिटला 3 मिमी. तुमच्या मशीनचा स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, लहान आहे, म्हणून ‘फ्लॅट डेप्थ’, म्हणजे जास्तीत जास्त खोली, 2.5 मिमीवर बांधा आणि रुंद अक्षराचा तळ सपाट कटरने साफ करा. सागवानात कटरच्या एका फेरीला अर्धा मिमी खोली, सरकण्याचा वेग (फीड) मिनिटाला 500 मिमी, इथून सुरुवात करा. फळी रंधून अगदी सपाट हवी. वरची पातळी अर्धा मिमीने चुकली की 60 अंशाच्या बिटने रेघेची रुंदी जवळपास 0.6 मिमीने बदलते, 90 अंशाच्या बिटने पूर्ण एक मिमीने. म्हणून मी 60 चाच बिट सांगेन. उद्यमनगरात ओतकामाचे लाकडी नमुने, पॅटर्न, घडवलेल्या हाताला फळीची पातळी मी काय शिकवणार!

टूलपाथ मशीनच्या भाषेत उतरवणारा पोस्ट-प्रोसेसर जीआरबीएलचा, मिमीमधला निवडा. जीआरबीएल आपणहून कटर बदलत नाही, तेव्हा प्रत्येक कटरची फाइल वेगळी काढा. बिट बदलला की झेड, म्हणजे उंची, पुन्हा शून्यावर आणायची, एक्स आणि वाय या आडव्या-उभ्या मापांना हात लावायचा नाही.

आई, पैशाचं म्हणशील तर व्हीकार्व्हला एकदाच रक्कम भरायची, महिन्याचा हप्ता नाही. त्याच कंपनीचं अस्पायर कैक पटीने महाग आहे. ते लागतं स्वतः थ्रीडी नक्षी घडवायला, आणि दुसऱ्याने केलेलं मॉडेल तर व्हीकार्व्हमध्येही आणता येतं. शिवाय थ्रीडीला वेळ फार जातो. 200 बाय 150 मिमीचा गणपती 0.3 मिमी अंतराच्या ओळींनी फिनिश करायचा तर कटर 100 मीटर चालतो. मिनिटाला 600 मिमीने पावणेतीन तास झाले, आधीचं ढोबळ कोरणं (रफिंग) वेगळंच. कुणी आर्टकॅम या जुन्या कोरीव कामाच्या सॉफ्टवेअरची कॉपी देतो म्हणाला तर घेऊ नका. ऑटोडेस्कने ते 2018 मध्ये बंद केलं, आणि अशा कॉपीबरोबर व्हायरस कधी येईल सांगता येत नाही.

पैसे घालायचेच नसतील तर टूलपाथसाठी एफ-एन्ग्रेव्ह फुकट आहे. इंकस्केपमधून डीएक्सएफ जातीची फाइल काढून त्यात टाकायची. दिसायला ओबडधोबड आहे, पण व्ही-कार्व्हिंग चोख करतं. ऑटोडेस्कच्याच फ्यूजन या थ्रीडी सॉफ्टवेअरची वैयक्तिक वापराची आवृत्तीही फुकट मिळते. त्यात एका वेळी दहाच फाइली बदलता येतात आणि कटर हवेत असतानाही कापायच्याच चालीने सरकतो. पाट्यांना ते नको. पुन्हा पॅटर्न करावेसे वाटले तर मात्र उपयोगी, ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना थोडा उतार, देता येतो आणि बीड थंड होताना आकसतं ते एक टक्का कॉन्ट्रॅक्शन 1.01 च्या स्केलने एका झटक्यात बसतं.

विकत घेण्याआधी व्हीकार्व्हचं ट्रायल उतरवा. त्यातून आपल्या कामाचा टूलपाथ सेव्ह होत नाही, पण प्रिव्ह्यू पूर्ण दिसतो. ‘आशीर्वाद’ची पाटी आणि आईची एक वेल त्यात आणून बघा. प्रिव्ह्यूचा फोटो मला पाठवा, शिरोरेषा सलग आहे का तेवढं बघून सांगते, मग पैसे भरा. आणि कोरताना दोघांनीही तोंडाला मास्क लावा, सागवानाची धूळ घशाला लागते.

तुमची,
लेक