ह्यूस्टनच्या एका मुकादमास

मुकादमसाहेब, सप्रेम नमस्कार.

डोक्याला मार लागलेल्या माझ्या पेशंटला तुम्ही तुमच्या टोळीत पुन्हा कामाला लावलंत, त्याचे तोंडी आभार मानायला आले तेव्हा तुम्ही हात झटकलेत, कूलरमधून पाण्याची बाटली काढून दिलीत आणि छपराकडे बघून कुणावर तरी ओरडलात. तुमच्यापुरता विषय तिथेच संपला. माझ्यापुरता संपला नाही, म्हणून माझ्या माणसांना वाचता येईल अशा भाषेत लिहितेय. नाव तुमचंही घालत नाही, त्याचंही नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी इथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदूला मार लागलेल्यांना पुन्हा रोजच्या व्यवहाराला लावायचं, हे माझं काम. अमेरिकेत बांधकामावरच्या मजुरांपैकी साधारण एक तृतीयांश हिस्पॅनिक आहेत, आणि आमच्या भागात छपरं घालणाऱ्या टोळ्यांत तर बहुतेक स्पॅनिशच ऐकू येतं. छपरावरून माणसं पडतात.

तोही पडला. शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो स्केलवर 15 पैकी 15 गुण घेऊन घरी आला. चालतो, बोलतो, जेवतो, म्हणजे बरा झाला असं सगळ्यांनी धरून टाकलं. पुण्या-नाशकात दुचाकीवरून पडलेल्या पोराबद्दल आपणही हेच म्हणतो ना, दिसतोय तर धडधाकट, मग कामाला का जात नाही? त्या 15 गुणांवरून माणूस शुद्धीवर आहे एवढंच कळतं. दुपार झाली की त्याचं डोकं बंद पडायचं. दोघं एकदम बोलले की काहीच उमगायचं नाही. आत्ता सांगितलेलं आत्ता निसटायचं. राग तर असा यायचा की बायको मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. घरचे म्हणत, तू बसून राहा, आम्ही बघतो. त्याला मेक्सिकोत आईला पैसे पाठवायचे होते.

डॉक्टरांचा कागद मी तुमच्या हातात दिला. शिडी नाही, उंची नाही, जड उचलायचं नाही. तुम्ही तो नीट वाचलात आणि म्हणालात, "काय करायचं नाही ते कळलं. काय करायचं ते कुठे लिहिलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते तुम्ही ठरवलंत.

जुनं छप्पर उपसलं की खिळे अंगणभर पडतात. चाकांवरचं लांब लोहचुंबक ढकलत ते गोळा करावे लागतात. हे काम तुम्ही त्याला दिलंत, पण चालू साइटवर नाही. आदल्या दिवशी संपलेल्या घरी, सकाळी, उन्हं तापायच्या आत. तिथे कॉम्प्रेसर नाही, नेलगन नाही, कुणाची हाकाटी नाही. आधी उभे पट्टे, मग आडवे, रोज त्याच क्रमाने. शेवटी बादलीत खिळे ओतायचे. काम झालं की नाही ते बादलीत दिसतंच, आठवावं लागत नाही. आमच्या क्लिनिकमध्ये खुंट्या लावायला आणि पत्ते जुळवायला देतात. खरं सांगू, तुमचं चुंबक त्याहून सरस!

मग शिंगलचे, म्हणजे छपरावर ठोकायच्या पातळ तुकड्यांचे, गठ्ठे मोजायला दिलेत. 100 चौरस फुटांना तीन गठ्ठे, हा हिशोब त्याच्या हाडीमाशी मुरलेला. तिथे तो चाचपडला नाही. बाकीच्या सूचना तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायचात, एका निरोपात एकच काम. विसरला की तो पुन्हा ऐकायचा. हे तुम्हाला मी शिकवलेलं नाही. एकदा तो एका पोरावर हातोडी घेऊन धावला, तेव्हा तुम्ही त्याला ट्रकमध्ये एसी लावून बसवलंत आणि टोळीला सांगितलंत, "हा डोक्याचा मार बोलतोय." मला हे कळलं ते त्या पोराकडून.

आणि या सगळ्याची झळ तुमच्या खिशाला बसली. तुम्हाला पैसे मिळतात ते छपराच्या मापावर. एक हात संथ चालला की सगळ्या टोळीची कमाई घटते. तरी त्याला तुम्ही रोजंदारी दिलीत. टेक्ससमध्ये खासगी मालकावर कामगार-भरपाईचा विमा घेण्याची सक्ती नाही. स्वतःचं आजारपण किंवा घरची नड असेल तर 12 आठवड्यांची रजा देणारा केंद्राचा कायदा आहे, पण तीही बिनपगारी, आणि पन्नासच्या आतल्या टोळीला लागूच नाही. म्हणजे त्याला घरी बसवलं असतंत तर कुणी जाब विचारला नसता. मी थेरपीचे कागद रंगवत बसले असते, आणि तो घरात भिंतीकडे बघत.

तो अजून छपरावर चढत नाही, आणि चढू नये असंच माझं मत आहे. चढायचं त्याच्या मनात आहे, हे तुम्हालाही माहीत आहे, तेवढं सांभाळा. माल मागवणं, मोजून उतरवून घेणं आता तो बघतो, मधल्या सुट्टीत अंधाऱ्या गाडीत थोडा पडून.

एक काम आहे. माझ्याकडे आणखी एक जण आलाय, प्लास्टरच्या कामावरचा, परांचीवरून पडलेला. त्याचा मुकादम म्हणतो, पूर्ण बरा झाला की पाठवा. तुम्ही त्याच्याशी बोलाल का? माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. शनिवारी साइटवर येते, नंबर घेऊन.

आपली,
थेरपिस्टबाई