पीएचपीचं पुस्तक घेण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा शिकायला कुठलं पुस्तक घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. नाव सुचवण्याआधी पुस्तक पारखायचं कसं ते सांगते, कारण जुन्या पुस्तकातला कोड चालत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

आधी मुखपृष्ठावरचा आकडा बघा. पीएचपीची सातवी आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये आली आणि आठवी नोव्हेंबर २०२० मध्ये. तुम्हाला ८ वरचंच पुस्तक हवं. 'पीएचपी ६' छापलेली पुस्तकंही सापडतील. गंमत म्हणजे ६ कधी आलीच नाही, पुस्तकंच आधी छापून झाली!

मग शेवटची सूची उघडून 'मायएसक्यूएल_कनेक्ट' शोधा. डेटाबेसशी जोडणारं हे फंक्शन ७ मध्ये काढून टाकलंय. ते वापरलं तर 'अनडिफाइन्ड फंक्शन' अशी एरर येते. पण 'मायएसक्यूएलआय_कनेक्ट' दिसलं तर बिचकू नका. मधला तो 'आय' महत्त्वाचा, ते आजही चालतं. पीडीओ (डेटाबेसशी जोडायची पीएचपीतली आणखी एक पद्धत) शिकवलेलं असेल तर त्याहून बरं.

डेटाबेसच्या प्रकरणातली एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, मात्र नीट वाचा. फॉर्ममध्ये भरलेलं नाव टिंब देऊन (पीएचपीत टिंब मजकूर जोडतं) सरळ क्वेरीला चिकटवलं असेल, तर पुस्तक परत ठेवा. कुणी नावाच्या जागी एसक्यूएलचा, म्हणजे क्वेरीच्या भाषेचा, तुकडा टाकला तर तोही क्वेरीचा भाग होऊन चालेल. चांगल्या पुस्तकात त्या जागी प्रश्नचिन्ह असतं आणि नाव वेगळं पाठवलेलं असतं. तसंच, पासवर्ड एमडी५ या जुन्या, आता असुरक्षित पद्धतीने साठवायला सांगणारं पुस्तकही नको. त्यासाठी 'पासवर्ड_हॅश' हे फंक्शन २०१३ पासून भाषेतच आहे.

असं एकच पुस्तक पुरे. संदर्भाला पीएचपीचं अधिकृत मॅन्युअल फुकट आहे, पण ते पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, कंटाळाल. अडलं की त्या फंक्शनचं पान काढायचं आणि ते काय परत देतं, तो भाग आधी वाचायचा. उदाहरणार्थ, 'स्ट्रपॉस' मजकुरात शब्द कितव्या जागी आहे ते सांगतं. मोजणी शून्यापासून असल्यामुळे शब्द अगदी सुरुवातीला असेल तर उत्तर ०, आणि नसेलच तर 'फॉल्स', म्हणजे 'खोटं'. नुसत्या 'इफ'ला (जर-तरच्या तपासणीला) दोन्ही सारखीच, म्हणजे शब्द असूनही 'नाही' असं उत्तर मिळतं. म्हणून तिथे 'फॉल्स'शी तुलना तीन बरोबरच्या चिन्हांनी करायची. मॅन्युअलच्या त्या पानावर ही सूचना ठळक दिलेली आहे. पानाखाली वाचकांच्या टिपा असतात, त्यांची तारीख बघितल्याशिवाय कोड उचलू नका. काही फार जुन्या आहेत.

आई, तू सोबत वही घेऊन बसणार असशील तर एरर जशीच्या तशी उतरव, ओळ क्रमांकासकट. पण ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला असेल तर एरर बहुतेक वेळा पुढची ओळ दाखवते, तेव्हा वरची ओळही तपासा. आणि पान कोरंच दिसलं तर एरर पडद्यावर दाखवणारं 'डिस्प्ले_एरर्स' हे सेटिंग बंद असण्याची शक्यता जास्त. आपल्या मशीनवर ते चालू ठेवा.

एचटीएमएलचे (वेबपान लिहायच्या भाषेतले) फॉर्म येत नसतील तर आधी तेवढे करा, आठवडाभराचं काम आहे.

पुस्तक नक्की करण्याआधी सूचीचा आणि प्रकाशनाचं साल असलेल्या पानाचा फोटो पाठवा.

तुमची लेक