पोराला पुढं पाठवलंत, पण कशासाठी ते कोण सांगणार?

प्रति,
मा. आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

सा. न. वि. वि.

रोपणीच्या दिवसांत आमच्या अंगणवाडीत तुमच्या खात्याची तपासणीची गाडी आली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि कार्यक्रम चांगला आहे, त्याबद्दल आभार. मॅडमनी माझ्या पोराच्या छातीला नळी लावली, पाठीकडूनही ऐकलं, चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या पोराला हाक मारली. "मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आमचा फोन येईल." फोन अजून यायचाय.

काल तीच चिठ्ठी घेऊन बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं चिठ्ठी उलटसुलट केली आणि परत सरकवली. तालुक्याच्या दवाखान्यातून नव्यानं लिहून आणा म्हणे. हे आधी कुणी सांगायचं होतं? खाडा झाला, पोर उपाशी. बायकोला शक्ती योजनेत बसचं तिकीट पडलं नाही, एवढा एक उपकार नोंदवून ठेवतो.

साहेब, चिठ्ठी हातात पडल्यावर घरात काय होतं ते सांगतो. माझ्या आईनं धरून चाललं की डॉक्टरनं हात टेकले, तिनं त्याच संध्याकाळी देवाला नारळ बोलला. मेव्हणा म्हणाला, कमिशन असतंय यांचं. बायको रात्रभर पोराच्या छातीवर हात ठेवून जागी. शेजारच्या पोरीला कान दाखवायला सांगितलं होतं. त्यांनी चिठ्ठी रेशन कार्डात घालून ठेवली, पोरगी हाक मारल्यावर बघते की, मग कशाला जायचं? एकाच गाडीनं दिलेल्या दोन चिठ्ठ्या. एक घर घाबरून अर्धं झालं, दुसरं निवांत.

शेवटी कालच उसने पैसे काढून खासगीत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. तिथल्या डॉक्टरनी जुन्या बिलाच्या पाठीवर हृदयाचे चार कप्पे काढले आणि पेनाच्या टोकानं दाखवलं: इथं बारीक छिद्र आहे, अशी बरीच छिद्रं आपोआप बुजतात. वजन वाढतंय का बघा, दूध पिताना-खेळताना धाप लागली तर लगेच या, नाहीतर सहा महिन्यांनी. पाच मिनिटं लागली असतील. एवढं अंगणवाडीतच सांगायला कुणाचं काय जात होतं? मॅडमना नक्की ठाऊक नसेल, तर "आवाज वेगळा येतोय, पुष्कळदा तो निरुपद्रवी असतो, खात्रीसाठी पाठवतेय" असं तरी म्हणावं.

हजार बाळांत आठ-दहा जणांच्या हृदयात जन्मतः दोष असतो म्हणतात. २०११च्या जनगणनेत आपला बेळगाव जिल्हा ४७ लाखांवर होता. अशी पोरं किती असतील, तो हिशेब तुमच्या अधिकाऱ्यांना करू द्या, त्यांना कागद आवडतात.

वर २०१८ पासून तुमच्या आरोग्य कर्नाटक योजनेचा नियम असा की तातडीची बाब सोडली तर सरकारी दवाखान्यानं पुढं पाठवल्याशिवाय खासगीत फुकट उपचार नाहीत. म्हणजे पाच लाखांपर्यंतच्या फुकट उपचाराला कुलूप आणि त्याची किल्ली ही चिठ्ठी, जी आमच्या घरात कुणाला वाचता येत नाही. तिकडं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या आमच्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लावतो म्हटल्यावर तुमच्याकडं केवढा संताप! सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. दोन्ही सरकारांना आमची गावं हवीत, आमची पोरं कुणाला हवीत ते कळत नाही. अधिवेशनासाठी बेळगावात केवढा विधानसौध बांधलात. त्याच्या दिव्यांच्या बिलात किती आशाताईंचा पगार निघेल?

मागणं थोडं आहे. चिठ्ठीवर तीन गोष्टी आई-बापाला कळतील अशा मराठीत नि कन्नडात छापा: काय शंका आहे, किती दिवसांत जायचं, कुठल्या खिडकीवर. आणि फोन करतो म्हणालात तर करा. शेजारच्या पोरीची चिठ्ठी अजून रेशन कार्डातच आहे, तिच्या घरी आधी माणूस पाठवा. माझं नंतर बघू.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक बाप