एन्झाइमचं स्ट्रक्चर आलं म्हणजे औषध आलं असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

एखाद्या एन्झाइमचं क्रिस्टल स्ट्रक्चर (म्हणजे अणूअणूची जागा दाखवणारा त्रिमितीय नकाशा) आलं की आपल्या पेपरात 'कॅन्सरचं रहस्य उलगडलं, आता औषध दूर नाही' अशा थाटाची बातमी येते. स्ट्रक्चर मिळणं मोठीच गोष्ट आहे, वाद नाही, पण आधी स्ट्रक्चर मग औषध हा क्रम दर वेळी नसतो हो.

ईझेडएच२ या एन्झाइमचंच घ्या. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर साधारण २ मीटर भरेल, तो हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला असतो आणि हे एन्झाइम एच३ हिस्टोनच्या शेपटीत २७व्या जागी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावर मिथाइल ग्रुप (अणूंचा एक छोटा गट) चिकटवतं, की तिथली जीन्स गप्प. काही लिम्फोमांमध्ये (लिम्फ पेशींच्या कॅन्सरमध्ये) याच एन्झाइमात म्युटेशन, म्हणजे जनुकीय बदल, सापडलं म्हणून औषध कंपन्या मागे लागल्या. चिकटवायचं काम करतो तो एन्झाइमचा 'सेट डोमेन' नावाचा तुकडा, आणि माणसाच्या त्या डोमेनचं स्ट्रक्चर २०१३ मध्ये आलं, टोरांटोच्या स्ट्रक्चरल जीनोमिक्स कन्सॉर्टियम या संशोधन संस्थेकडून आणि त्याच सुमारास दुसऱ्या एका टीमकडूनही. दिसलं काय? सगळं बंद! हिस्टोनची शेपटी शिरते ती खाच बुजलेली, मिथाइल पुरवणारा एसएएमचा रेणू बसतो तो खिसा अर्धवट. कारण हे एन्झाइम एकटं कामच करत नाही, सोबत ईईडी आणि एसयूझेड१२ ही दोन प्रोटीन्स लागतात. जात्याची एकच तळी बघून दळण कसं पडतं ते कळणार कसं? चालू अवस्थेतला तिघांचा गाभा दिसायला २०१५ उजाडलं, तोही आधी एका बुरशीचा.

आणि गंमत म्हणजे या एन्झाइमला अडवणारी नेमकी रसायनं २०१२ मध्येच जर्नलमध्ये छापून आली होती, म्हणजे स्ट्रक्चरच्या आधी! ढीगभर संयुगं टेस्ट करत करत सापडलेली. त्याच वाटेवरच्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मंजुरी मिळाली, तीसुद्धा आधी एपिथेलिओइड सार्कोमा या दुर्मिळ कॅन्सरसाठी.

मग स्ट्रक्चर फुकट गेलं का, तर अजिबात नाही, औषध नेमकं कुठे बसतं आणि कुठलं म्युटेशन त्याला दाद देत नाही हे नंतर अशाच स्ट्रक्चर्समधून कळतं. शिवाय टोरांटोवाले पेटंट घेत नाहीत, सगळी स्ट्रक्चर्स प्रोटीन डेटा बँक या सर्वांना खुल्या ऑनलाइन संग्रहात टाकून मोकळे, हे मला तर औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं (आणि याची बातमी कधी होत नाही).

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी एन्झाइमचा कुठला तुकडा, एकटा की जोडीदारांसोबत, आणि डेटा बँकेतला त्याचा चार अक्षरी कोड हे तीन तपशील छापा. बारावीची पोरं मोबाइलवर फिरवून फिरवून बघतील.

– एक वाचक, पुणे